नवऱ्याचं जुगाराचं कर्ज फेडायला दोन एकर वावर विकावं का?

घाटंजीची सून

नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. घाटंजी तालुक्यात आमचं सात एकर कोरडवाहू वावर आहे, सातबारा मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावावर. पऱ्हाटी, तूर, एखाद्या वर्षी सोयाबीन. घरी मामाजी, आत्याबाई (माझ्या सासूबाई), आम्ही दोघं आणि दोन लेकरं.

यांना आकड्याचा, म्हणजे मटक्याचा, नाद लग्नाच्या आधीपासून होता. पानठेल्यावर दहा-वीस रुपये लावायचे. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, अर्धं गाव लावते. हातात मोठा मोबाईल आला आणि पुढचं सगळं घडलं. आधी आयपीएल, मग रमी, मग ते विमान वर चढते आणि ते उडून जायच्या आत पैसे काढायचे असतात, तो खेळ. २०२५ मध्ये सरकारनं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा मी देवाला नारळ फोडला. पण आता टेलिग्रामवर कोणीतरी लिंक पाठवते, पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात टाकायला लावते, आणि खेळ चालूच आहे.

यंदा कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, दिला. चुकारा मामाजींच्या खात्यात जमा झाला. मामाजींना मोबाईल चालवता येत नाही, त्यांचं सिम यांच्याच मोबाईलमध्ये आहे. मी कृषी केंद्राची उधारी द्यायची म्हणून मामाजींना घेऊन बँकेत गेले तर खात्यात काहीच नाही. मामाजी बँकेतल्या बाकड्यावर बसूनच राहिले.

घरी आल्यावर एकेक बाहेर आलं. गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये महिन्यानं एक लाख ऐंशी हजार. माझ्या बचत गटातून माझ्या नावावर उचललेले चाळीस हजार. माझी पोत गहाण. वरून आकडा घेणाऱ्याची उधारी वेगळी, ती किती ते अजून नीट सांगत नाहीत.

मामाजी म्हणतात, “दोन एकर इकून टाकू, पोराले मोकळं करू. मोकळा झाला का सुधरते.” पण दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकून असंच मोकळं केलं होतं. तेव्हा लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. काही महिने चांगले गेले.

आता रात्री झोपत नाहीत. परवा अंधारात बसून म्हणाले, “माह्याच्यानं नाही होत आता.” मला भीती वाटते. हा आजार आहे की स्वभाव? दाखवायचं तर कुठं? आणि वावर विकावं का?


आशाताई, झरी जामणी

ताई, वावराचं नंतर पाहू. आज संध्याकाळच्या आत एक काम करा. घरात, गोठ्यात, वावरातल्या झोपडीत फवारणीचं जे औषध असेल, उरलेल्या बाटल्यासुद्धा, सगळं उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. तणनाशकही. कोणाकडे ठेवलं ते यांना सांगू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे मी कशासाठी सांगते ते तुम्हाला समजतंय. तो विचार माणसाच्या मनात भरतीसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला बाटली हाताशी नसली तर पुष्कळ जण वाचतात.

दुसरं, त्यांना सरळ विचारा: “जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्यानं ते डोक्यात भरेल असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. उलट आत कोंडलेलं बाहेर यायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, तरी आमच्या गावांत अजून फार थोड्यांना माहीत आहे. ते बोलायला तयार नसतील तर तुम्ही स्वतः लावा. घरच्या माणसानं लावलेला फोनही ते घेतात आणि पुढं कुठं जायचं ते सांगतात.


आर्वीची ताई

बाई, तुझी पोस्ट वाचून मी चुलीवरची भाजी उतरवून लिहायला बसले.

माझा सख्खा भाऊ यातून गेला आहे. आर्वीकडे आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा सौदा झाला, व्यापाऱ्यानं इसार दिला, आणि तो इसार माल तुटायच्या आतच गेला. तोवर आम्हाला वाटायचं की पोराला मित्र वाईट मिळाले.

वावर विकू नका. मी हे इतक्या ठामपणे का सांगते ते ऐक. आमच्या बाबांनीही फेडलं. लोकांना घरी बोलावून, समोर बसवून, एकेकाचे मोजून दिले. आम्हाला वाटलं पाटी कोरी झाली. त्याच महिन्यात त्याच माणसानं भावाला पुन्हा उधार दिलं, पहिल्यापेक्षा जास्त. कारण त्याला कळून चुकलं होतं की या पोराचा बाप फेडतो आणि या घरी अजून बाग शिल्लक आहे. बाबांनी कर्ज नाही फेडलं, भावाची पत वाढवली. तुमच्याकडे बैलजोडीच्या वेळी हेच झालं. दोन एकर गेले तर पाच एकर बाकी आहेत हे त्या सावकाराला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता आजार की स्वभाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाच्याच प्रकरणात आहे, २०२२ पासून लागू असलेल्या यादीत पाहायला मिळेल. खेळण्यावर ताबा राहत नाही, घर-वावर-लेकरं सगळ्यांच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही माणूस थांबत नाही, या खुणांवरून डॉक्टर ओळखतात. तू जे लिहिलंस त्यात तिन्ही आहेत. शपथेनं हे जात नाही. तुझ्या नवऱ्यानं शपथ घेतली तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, मला खात्री आहे. माझा भाऊही प्रत्येक वेळी मनापासून रडायचा.

आम्ही त्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेलं, तिथं मानसोपचाराचा विभाग आहे. तुम्हाला यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, तिथंही आहे. गावात “वेड्याचा दवाखाना” म्हणतील ही भीती आम्हालाही होती. आम्ही झोप येत नाही म्हणून दाखवायला जातो असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

डॉक्टरांनी त्याला रागावलं नाही. पहिल्यांदा दारूचं विचारलं, झोपेचं विचारलं, जिवाचं विचारलं. मग विचारलं, खेळावंसं नेमकं कधी वाटतं. भाऊ म्हणाला, नेहमीच. डॉक्टर म्हणाले, नाही, आठवडाभर लिहून आणा. लिहिल्यावर आम्हीच चकित झालो. बाजाराच्या दिवशी खिशात रोख असली की. बायकोशी भांडण झालं की. ओपन-क्लोजच्या, म्हणजे आकडा निघायच्या, वेळेला. आणि सगळ्यात जास्त, कोणी कर्ज मागायला दारात येऊन गेलं की. त्याला वाटायचं की एवढा एकच डाव लागला तर याचं तोंड बंद होईल. गेलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं हेच या आजाराचं मूळ दुखणं आहे, हे मला तिथं समजलं. तुझे मालक “भरून काढतो” म्हणत असतील, तो शब्द ऐकला की सावध हो.

गोळ्या दिल्या त्या उदासीसाठी आणि झोपेसाठी. जुगार सोडवणारी अशी एखादी ठरलेली गोळी नसते. खरं काम झालं ते समुपदेशनात. इच्छा उठली की ती ओसरेपर्यंत काय करायचं, कोणाला फोन लावायचा, कोणत्या रस्त्यानं जायचं नाही, हे सगळं बसून ठरवलं. आर्वीच्या एका चौकातून तो आजही जात नाही, मागच्या गल्लीनं जातो. वहिनीला प्रत्येक वेळी आत बोलावलं, तिचंही ऐकून घेतलं. तिला कोणी विचारलं असं ते पहिल्यांदाच.

मधे तो एकदा पुन्हा खेळला. घरात आकांत झाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, परत या, थांबवू नका. आम्ही परत गेलो. आता बाग तोच पाहतो, पण सौदा वहिनीच्या सहीनं होतो आणि त्याच्या हातात साधा बटनांचा मोबाईल आहे. त्यानं स्वतः मागितला तो.


लाखनीचा धानवाला

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं झंडीमुंडीचा, म्हणजे फाशांच्या जुगाराचा, फड असतोच. पोळ्याला पत्तेही होतात. मी वर्षानुवर्षं खेळतो, पण घरून ठरवून निघतो. समजा तीनशे रुपये. मोबाईल घरी ठेवतो, उधार घेत नाही, दारू पिऊन बसत नाही, हरलो तर उठतो आणि जिंकलो तरी जेवायच्या वेळेला उठतो. हे पैसे नाटकाच्या तिकिटासारखे गेलेच असं धरतो. कायद्यानं हेही चुकतंच, मी त्याचं समर्थन करत नाही. पण एकदम सगळं तोडा म्हटलं तर माणूस चोरून खेळतो. यांना असं मर्यादेत आणता येणार नाही का? महाराष्ट्र राज्य लॉटरीचं एखादं तिकीट महिन्याला, इतकंच?


दर्यापूरचे गुरुजी

धानवाले भाऊ, तुम्ही सांगितलेले नियम चांगले आहेत आणि जे अजून अडकले नाहीत त्यांनी ते पाळावेत असं मीही म्हणेन. आधी रक्कम ठरवणं, उधार न घेणं, हरलेलं परत मिळवायला न बसणं. हे ज्याला जमतं तो अजून स्वतःच्या हातात आहे. पण घाटंजीच्या ताईंचे मालक त्या रेषेच्या पलीकडे गेलेत. ज्याचा ताबाच सुटणं हा आजार आहे त्याला “ताब्यात राहून खेळ” सांगून उपयोग नाही. त्यांच्यासाठी लॉटरीचं तिकीटही नको. मंडईतून तुम्ही तीनशे रुपये हरून घरी झोपता. ते उरलेली रात्र जागतात.

मी गणित शिकवत होतो, म्हणून थोडं गणित. आकडे दहा, शून्य ते नऊ. आमच्याकडच्या ठेल्यावर भाव रुपयाला नऊ. रोज दहा रुपये लावणाऱ्याचा आकडा सरासरीनं दहा दिवसांत एकदा लागेल, म्हणजे शंभर जातील आणि नव्वद येतील. दोन आकड्यांच्या जोडीत शंभर शक्यता आणि भाव रुपयाला नव्वदच्या आसपास, तेच गणित. जो जास्त वेळ खेळतो तो जास्त हरतो, यात नशिबाला जागाच नाही. “पंजा आठ दिवसांत बसला नाही, आज बसणारच” हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. कालचा आकडा आजच्या आकड्याला ओळखत नाही. आणि थोडक्यात हुकलं की मेंदूला ते हरल्यासारखं वाटत नाही, जवळ पोचल्यासारखं वाटतं, आणि पुन्हा खेळायची ओढ वाढते. मोबाईलवरचं विमान त्याच्या पुढचं आहे, तिथं असं हुकणं मिनिटामिनिटाला होतं. पूर्वी आकड्याला दिवसातून ओपन आणि क्लोज होते, मधे माणूस वावरात जायचा, जेवायचा. आता मध्ये काहीच नाही.

एक गोष्ट मला कायम टोचते. हा आकडा मुळात कापसाच्याच भावावरचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेनं मुंबईला यायचे, लोक त्यावर पैसे लावायचे. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि पुढं रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. कापूस पिकवणाऱ्याच्या घरातून आज त्याच ओपन-क्लोजपायी चुकारा जातो, याचं मला फार वाईट वाटतं.


सोसायटीचा गटसचिव

पैशाचं मी सांगतो, कारण इथं एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

उद्या मामाजींना घेऊन पुन्हा बँकेत जा. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदला, तुमचा किंवा आत्याबाईंचा द्या. मामाजींच्या खात्यावरचं यूपीआय बंद करायला लेखी अर्ज द्या, एटीएम कार्ड असेल तर तेही. मामाजींचं सिम यांच्या मोबाईलमधून काढून साध्या मोबाईलमध्ये टाका. तुरीचे पैसे यायच्या आत हे झालं पाहिजे. पीक कर्जाचं खातं दुसरं असेल तर त्याचंही हेच.

मग एका कागदावर सगळं देणं लिहा, कोणाचं, किती, व्याज किती आणि सही कोणाची. सही सगळ्यात महत्त्वाची. सज्ञान मुलानं स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज बापावर येत नाही, बाप जामीनदार असल्याशिवाय. सातबारा मामाजींचा आहे. त्यांनी कुठल्या कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पवर अंगठा दिला आहे का, हे आजच शांतपणे विचारा.

गटाचे चाळीस हजार आधी फेडा, हप्त्यानं का होईना. ते तुमच्या नावावर आहेत आणि तुम्ही थकलात तर गटातल्या बाकीच्या बायांच्या मागं लागतात. त्यांचा काही दोष नाही.

शेकडा पाचवाल्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळतं. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि वसुलीसाठी छळणं हाही गुन्हा आहे. अवैध सावकारानं लिहून घेतलेली जमीन चौकशीनंतर परत मिळू शकते. अशा प्रकरणांचा निर्णय जिल्हा निबंधकांकडे होतो. म्हणून कोणी “तात्पुरतं खरेदीखत करून द्या” म्हटलं तर मामाजींना घराबाहेर पडू देऊ नका. आकडा घेणाऱ्याची जी उधारी आहे ती तर कोर्टात मागताच येत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल. त्यानं दमदाटी केली तर पोलिसात जा.

स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० ला फोन करा.

आणि ते टेलिग्रामवाले. ज्या भलत्या खात्यांत पैसे टाकायला लावतात ती बहुतेक फसवणुकीची खाती असतात. तिथून जिंकलेले पैसे आले तरी सायबर पोलिस ते घेणाऱ्याचं खातं गोठवतात, आणि मग मामाजींचं पीक विम्याचं, अनुदानाचं सगळंच अडकतं. फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करा. यांना अटक होईल म्हणून लपवत असाल तर ते मनातून काढा. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची ने-आण करणाऱ्याला. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही.


घाटंजीची सून

सगळ्यांचे आभार. औषधाच्या बाटल्या काल रात्रीच चुलत जावेकडे नेऊन ठेवल्या. सरळ विचारलंही. हो म्हणाले. मग खूप रडले. रात्रभर मी आणि आत्याबाई आळीपाळीनं जागलो. पहाटे १४४१६ लावला, ते स्वतः बोलले, बराच वेळ. तिकडच्या बाईंनी आजच दवाखान्यात जा सांगितलं.

बँकेचं काम मामाजी आणि माझा दीर करत आहेत. वावराबाबत मामाजी अजून अडून आहेत. म्हणतात, “लोकं दारात येऊन रायले, इज्जत काय रायली.” त्यांना काय सांगू? आणि हे आता निघताना म्हणताहेत की कर्जाचं मिटू दे, मग येतो.


आर्वीची ताई

बाई, आधी निघा. कर्ज मिटेपर्यंत थांबायचं नाही, तेही त्या आजाराचंच बोलणं आहे. त्यांना म्हण, “कर्जाचं मामाजी आणि मी पाहतो, तुम्ही फक्त संग चला.” भांडू नको, कारण सांगत बसू नको. दिराला गाडीवर मागं बसव. आधार कार्ड घे, आधी कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी घे. ओपीडी सकाळची असते, पण काल ते हो म्हणाले आहेत, म्हणून उशीर झाला तरी परत फिरू नका. अपघात विभागात जाऊन जे काल बोलले तेच शब्द डॉक्टरांना सांग. “जुगाराचा नाद आहे” एवढंच सांगितलं तर गर्दीत मागं पडेल. “जीव द्यावासा वाटतो म्हणाले” हे पहिल्या वाक्यात सांग.

मामाजींना असं सांग. फेडायचं नाही असं कोणी म्हणत नाही. जे खरं देणं आहे ते फेडू, पण वावर विकून एकदम नाही, दर हंगामाला थोडं, तुमच्या हातानं, पावती घेऊन, आणि पोराच्या हातात एक रुपया न देता. दारात येणाऱ्यांनाही हेच सांगायचं, मामाजींनी स्वतः, चार माणसांसमोर: “याले आता उधार देसान तं माह्याकडं मागू नोका, मी देणार नाही.” आमच्या बाबांनी हे शेवटी बागेच्या कुंपणाशी उभं राहून सांगितलं. दुसऱ्या महिन्यापासून भावाला गावात कोणी पन्नास रुपये उधार देईना. डॉक्टरांनंतर सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला.

दवाखान्यातून आलीस की इथं लिही. रात्री कितीही वाजता लिही, मी पाहते.